भंडारा डोंगराभोवतीच्या सगळ्या ग्रामसभांना खुलं पत्र

राम कृष्ण हरी मंडळी,

इंदोरी, सुदुंबरे, सुदवडी, जांबवडे, सांगुर्डी, येलवाडी, खालुंब्रे आणि खाली इंद्रायणीकाठचं, आता नगरपंचायत झालेलं देहू, म्हणजे ज्यांना सकाळी दार उघडलं की भंडारा डोंगर दिसतो त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. सरपंच, सदस्य, बचत गटातल्या ताया, भजनी मंडळातले माऊली, व्यायामशाळेतली पोरं, कंपनीत शिफ्टला जाणारे, सगळे यात आले. मी याच डोंगराखालच्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की चर्चा त्या गावावर सुरू होते, मग कुणाचा गट, कुणाचं पॅनेल, आणि डोंगर राहतो बाजूला. हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

माझं म्हणणं एकच आहे. आपण डोंगर म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर फक्त माथा येतो, देऊळ, पायऱ्या, घाट रस्ता. पण डोंगर खाली आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो, ओढ्यापर्यंत येतो, आपल्या विहिरीच्या तळापर्यंत येतो. माथ्यावर कुणी हात लावला तर आपण सगळे उठू याची मला खात्री आहे, पण पायथा रोज थोडा थोडा जातोय आणि त्याबद्दल एकाही गावात ठराव नाही. तो ठराव व्हावा, सगळ्या गावांत एकाच मजकुराचा व्हावा, यासाठी हे पत्र.

माझी आजी दरवर्षी माघ शुद्ध दशमीला पायवाटेनं वर जायची. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा गुरूपदेश झाला तो दिवस, त्या दिवसाचा सोहळा आणि गाथा पारायण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, मी काय सांगणार. मला आठवतं ते वेगळंच. फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा, आणि वाटेत बोरी लागायच्या त्याखाली आजी थांबायची, आम्ही पोरं बोरं वेचायचो आणि ती मात्र गवतात बघत राहायची, लाव्याचं घरटं पायाखाली येऊ नये म्हणून. तिला कुणी पर्यावरण वगैरे शिकवलं नव्हतं. ती म्हणायची इथं तुकोबा बसले ते माणसांपासून लांब, या झाडापाखरांजवळ बसायला आले, मग त्यांच्या सोयऱ्यांना आपण त्रास द्यायचा का. एवढंच. आता त्या पायवाटेवर बोरी फार थोड्या राहिल्यात आणि लावा शेवटचा कधी उडाला ते मला सांगता येणार नाही.

आणि तुकोबांच्याही आधी हा डोंगर कुणाला तरी हवासा वाटला होता हे विसरू नका. वर बौद्ध लेणी आहेत, स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडं भामचंद्र, इकडं घोराडेश्वर, मधे भंडारा, तिन्ही डोंगरांवर लेणी आणि तिन्ही डोंगर तुकोबांच्या चिंतनाचे. सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा माणूस या डोंगराच्या सावलीत विसावलाय. एवढं सगळं एवढ्याशा टापूत आहे, उंचीनं बघायला गेलं तर सह्याद्रीत असल्या टेकड्यांना कुणी विचारत पण नाही.

आता मुद्द्यावर येतो. पाणी.

आमच्या वडलांनी विहीर पाडली तेव्हा मी शाळेत होतो. सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, खाली गेली. वरनं आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि मग काळा पाषाण लागला की सुरुंग. पाझर कुठं सुटला माहितीये? मुरूम संपतो आणि पाषाण सुरू होतो तिथं, आणि डोंगराच्या बाजूच्या भिंतीतनं. विहीर पाडणारे वडार आजोबा तेव्हाच म्हणाले होते, हे पाणी तुमच्या रानातलं नाही, डोंगराचं आहे. मला तेव्हा काही कळलं नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी भूजलवाल्या एका साहेबांनी समजावलं तेव्हा डोक्यात लख्ख झालं.

आपला सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात अख्ख्या दगडात पाणी मुरत नाही, फक्त भेगांमधनं जातं. पाणी धरून ठेवतो तो वरचा झिजलेला भाग, म्हणजे आपला मुरूम. पावसाचं पाणी उतारावर गवतानं अडतं, मातीतनं मुरमात उतरतं, तिथं साठतं आणि दिवाळीनंतर हळूहळू खाली आपल्या ओढ्याला आणि विहिरींना येत राहतं. म्हणजे आपण ज्याला भरावाचा माल म्हणतो, डंपर भरून पाठवतो, तीच आपली टाकी आहे.

हिशोब मांडून बघा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, लिटरमध्ये साधारण 2830. असल्या झिजलेल्या बेसाल्टमधनं भरल्यानंतर सुटून विहिरीला येणारं पाणी भूजल खातं हिशोबाला 2 टक्के धरतं. म्हणजे एका ब्रासमागे पंचावन्न-साठ लिटर, आपले चार हंडे. वाटतं काय एवढंसं, चार हंडे. पण एक डंपर चार-पाच ब्रास नेतो, रात्रीत किती डंपर जातात ते ज्यांची घरं रस्त्याकडेला आहेत त्यांना विचारा, आणि ते चार हंडे एकदाच जात नाहीत, तो मुरूम जागेवर असता तर दरवर्षी पावसात परत भरला असता, तुमच्या नातवाच्या काळात पण भरला असता. पैसे एकदा मिळतात, हंडे कायमचे जातात.

आणि हे मी दुसऱ्याकडं बोट दाखवून लिहीत नाहीये. आमच्या घराच्या जोत्यात याच डोंगराचा मुरूम आहे. वडलांनी चार ट्रॉल्या आणल्या होत्या, तेव्हा सगळेच आणायचे, घराला, गोठ्याला, पाणंदीत चिखल होऊ नये म्हणून. त्यानं डोंगर संपत नव्हता. मग आजूबाजूला एमआयडीसी आली, एकीकडं चाकण एकीकडं तळेगाव, रस्ते आले, गोडाऊन आले, प्लॉटिंग आलं, प्रत्येकाला भराव लागतो आणि जवळचा मुरूम स्वस्त पडतो, आणि कुदळीच्या जागी पोकलेन आला. आमच्या वरच्या अंगाला असाच एक मोठा काप पडला. कुणी पाडला ते लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये मला. पण त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांत आमची विहीर जी मे महिन्यापर्यंत पुरायची ती होळीलाच तळ दाखवायला लागली. आईनं पहिल्यांदा टँकरला पैसे दिले त्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती विहिरीच्या काठावर जाऊन बसली. ते मला विसरता येत नाही.

कायदा नाही असं नाही. जमीन महसूल संहिता 1966 मध्ये कलम 48 आहे, परवान्याशिवाय गौण खनिज (म्हणजे मुरूम, दगड, वाळू) काढलं तर त्याच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, गाडी आणि मशीन जप्त करता येते. 2013 चे गौण खनिजाचे वेगळे नियम पण आहेत. पण मंडळी, रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठिकाणाहून साहेब येऊन बघणार नाहीत, आणि तलाठ्याकडं एकच गाव नसतं. डंपर कुठनं निघाला हे फक्त गावाला कळतं. आणि इथं आपली खरी अडचण आहे, आपली काही गावं मावळ तालुक्यात, काही खेडमध्ये, देहू हवेलीत. एकाच डोंगराला तीन तालुके, तीन तहसीलदार, आणि गावांच्या शिवा. इकडं आवाज झाला की मशीन शिवेपलीकडं जातं, पलीकडचे म्हणतात आमच्या हद्दीत नव्हतंच. म्हणून एका गावाचा ठराव कामाचा नाही. सगळ्यांचा पाहिजे आणि एकाच महिन्यात पाहिजे.

वणव्याबद्दल पण लिहिलंच पाहिजे. फेब्रुवारी-मार्च आला की संध्याकाळी डोंगरावर लाल रेघ दिसते, कधी रस्त्याकडेनं बिडी-सिगारेट पडते, कधी कुणी मुद्दाम काडी लावतं की जाळलं म्हणजे गवत चांगलं फुटतं. आपल्या म्हाताऱ्यांनी पण हे ऐकलेलं असतं म्हणून मी त्यांच्यावर चिडत नाही. पण बघा ना काय होतं. हिरवं फुटतं ते आठ-पंधरा दिवस दिसायला छान, पण पवन्या-मारवेलसारखं चांगलं गवत जळून जळून कमी होत जातं आणि कुसळी वाढते, जी पुढं गुरं तोंडात धरत नाहीत. लावलेली रोपं जातात, आपोआप उगवलेली खैराची, पळसाची, बोरीची बारकी रोपं जातात, घोरपडी जळतात, सशाची पिल्लं जळतात. आणि उघडा पडलेला उतार पहिल्या वळवाच्या पावसात माती सोडतो, ती माती ओढ्यात, ओढ्यातनं इंद्रायणीत. मुरायचं पाणी वाहून गेलं म्हणजे परत विहिरीचाच विषय आला, सगळं फिरून तिथंच येतं.

मागच्या एका वणव्यात आम्ही अकरा जण होतो. निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत होतो, हातातनं कातडी निघाली, धुरानं डोळे सुजले, आणि तरी अर्धा उतार गेलाच. दुसऱ्या दिवशी वरनं बघितलं तर काळा चट्टा, आणि मधे एक करवंदीची जाळी तेवढी वाचलेली, तिच्याखाली चितुर पाखरू बसलेलं, हलत पण नव्हतं. त्या अकरा जणांत तीन वेगवेगळ्या गावची पोरं होती, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, धूर बघून आली. सुदुंबऱ्यातच एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, देशभरात पूर-भूकंपात धावून जाणारी माणसं आपल्या शेजारी राहतात, त्यांना विनंती केली तर वर्षातनं एक दिवस आपल्या पोरांना वणव्यात स्वतः कसं वाचायचं एवढं तरी शिकवतील असं मला वाटतं. वनखात्याचा 1926 नंबर प्रत्येक गावाच्या पारावर लिहून ठेवा, फोन करणाऱ्यालाच उलटे प्रश्न विचारतील म्हणून लोक घाबरतात, तर ग्रामपंचायतीनंच फोन करायची जबाबदारी घ्यावी. आणि जाळरेषा, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, होळीनंतर काढून उपयोग नाही, गवत वाळायला लागलं की जानेवारीतच काढायला लागते.

आता वरच्या गर्दीबद्दल. तुकोबांचं नवं दगडी मंदिर होतंय याचा मला आनंदच आहे, वर्गणी आमच्या घरातनं पण गेलीय आणि जाईल. पण देऊळ मोठं झालं की माणसं वाढणार, गाड्या वाढणार, वर हजारो लोकांना पाणी लागणार, संडास लागणार. ते मैलापाणी कुठं जाणार? मुरूम जसा पावसाचं पाणी खाली आणतो तसाच तो घाण पण खाली आणतो, आपल्याच विहिरीत. वरचं सांडपाणी वरच शुद्ध झालं पाहिजे, हे आत्ता मागितलं तर होईल, नंतर पाईप फिरवणं कठीण. पार्किंगसाठी उतार कापू नका, खाली सपाटीला गाड्या लावा आणि वर बस सोडा, म्हातारे-अपंग सोडले तर बाकीच्यांनी चालत जावं, चालण्यातच तर ती वाट आहे. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पडला तो रविवार होता, फिरायला आलेली गर्दी पुलावर होती, चार जणांचा जीव गेला. ते आपल्या इंदोरीच्या हद्दीजवळ झालंय, अॅम्ब्युलन्सचे आवाज आपण ऐकलेत. गर्दी येणार हे आधी माहीत असतं तेव्हाच तयारी करायची असते.

बांधकामाचं एक सांगतो कारण यात बऱ्याच जणांना वाटतं की आपली जमीन, आपण काही पण करू. पाच फूट पुढं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल, म्हणजे 1:5 पेक्षा जास्त उतार, तर तिथं बांधकामाला परवानगी नाही, हा नियम आहे. मग काय करतात, आधी उतार कापून सपाट करतात, मुरूम विकतात, मग म्हणतात बघा जागा सपाट आहे. गुंठा-दोन गुंठे घेणारा बिचारा लांबनं आलेला असतो, कंपनीत हाडं झिजवून पैसे साठवलेले, त्याला कुणी सांगत नाही की मागं कापलेली दरड उभी आहे आणि खालनं ओढा बुजवलाय. माळीण गावावर डोंगर कोसळला तो 30 जुलै 2014 ला, आपल्याच जिल्ह्यात, 151 माणसं गेली. आपला डोंगर माळीणसारखा नाही, पाऊस पण तेवढा नाही, मला उगाच भीती घालायची नाहीये. पण उभा काप आणि अडवलेलं पाणी एकत्र आलं की छोट्या टेकडीला पण एक घर पुरतं.

हे सगळं आत्ताच का, तर पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप विकास आराखडा 2021 ला जाहीर झाला होता, त्यावर हजारो हरकती गेल्या, आणि 2025 मध्ये सरकारनं तो रद्द केला. म्हणजे नवा नकाशा कधीतरी होणार. मागच्या वेळी आपण काय केलं, रस्ता माझ्या गटातनं जातो का, माझी जमीन रहिवासीत आली का, एवढंच बघितलं, मी पण तेच बघितलं. डोंगराचा पायथा कुठल्या रंगात दाखवलाय हे आमच्या गावातल्या एकानं पण बघितलं नाही. यावेळी नकाशा यायच्या आधी आपण आपला नकाशा द्यायला पाहिजे. कुठले ओढे, कुठले झरे, कुठलं गायरान, जुनी पायवाट कुठनं जाते, लेणी कुठं, पाझर तलाव कुठला, मोर कुठं पाणी प्यायला उतरतात. आपल्या म्हाताऱ्यांना हे सगळं गट नंबरसकट माहितीये. जैवविविधता कायदा 2002 चा, त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांनी भरायची नोंदवही आहे, ती कपाटात असेल तर बाहेर काढा, नसेल तर हीच संधी. त्याच कायद्यात कलम 37 आहे, एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करता येते. पुण्याच्या गणेशखिंड बागेला तो दर्जा 2020 मध्ये मिळाला. आपल्याला मिळेलच असं मी म्हणत नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

मला माहितीये काही जणांना वाटेल हा पोरांच्या पोटावर पाय द्यायला निघालाय. डंपर आपल्याच पोरांनी कर्ज काढून घेतलेत, हप्ते आहेत, जेसीबीवाला माझा चुलतभाऊ आहे, त्याच्याशी माझं यावरनं चार वेळा वाजलंय आणि तरी दिवाळीला आम्ही एका ताटात जेवलो. तो म्हणतो मी नाही नेला तर दुसरा नेणार. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच तर सगळ्या गावांनी एकदम थांबवायला पाहिजे, मग दुसरा पण नेणार नाही. आणि डोंगरावर मशीनला काम आहेच की. पाणी मुरवायला उताराला आडवे समतल चर खोदायचे आहेत, पाझर तलावांतला गाळ काढायचाय, बुजवलेले ओढे मोकळे करायचेत, तोच गाळ शेतात टाकायला लोक घेऊन जातील. हे काम आपल्या गावातल्याच मशीनला मिळावं असं ठरावात लिहा, मी सगळ्यात आधी सही करतो.

26 जानेवारीची ग्रामसभा आहे आणि त्यानंतर लगेच माघ दशमी, म्हणजे सगळी माणसं घरी असतात तो काळ. आमच्या गावातला अर्ज मी देतोय, लिहून तयार आहे, दीड पान आहे. पायथ्याचा मुरूम, ओढे, वणवा, वरचं सांडपाणी आणि पीएमआरडीएला द्यायचा नकाशा, एवढंच त्यात आहे, कुणाचं नाव नाही. तुमच्या गावातनं कोण देणार आहे ते ठरलं की ग्रामसभेच्या आधीच्या एका रविवारी सकाळी आपण डोंगराच्या पायथ्याच्या कमानीपाशी बसू आणि सगळ्यांची भाषा एकसारखी करून घेऊ. ज्यांच्याकडं जुने गटनकाशे आहेत त्यांनी तेवढे घेऊन या, आणि घरात डोंगरावर गुरं राखलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना गाडीवर बसवून आणा, ओढ्यांची नावं त्यांनाच विचारायची आहेत.

तुमचा,
डोंगराखालचाच एक गावकरी